'आत्मकरुणा' म्हणजे स्वतःची कीव?

प्रश्न: समुपदेशनावरचा एक लेख मराठीत आणतेय. 'सेल्फ-कम्पॅशन'ला, म्हणजे आपल्या दुःखात स्वतःशीच मायेनं वागण्याला, 'आत्मकरुणा' लिहिलं, तर कच्चा मजकूर वाचणारीने विचारलं, "म्हणजे स्वतःची कीव करत बसायचं का?" दया, कणव, अनुकंपा यांपैकी काही चालेल?

प्रतिसाद १: तिचा घोटाळा रास्त आहे. मराठीत करुणा 'भाकतात', आणि भाकणारा असतो अडचणीत सापडलेला. त्यामुळे शब्द ऐकला की हात जोडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. दया वरून खाली येते. अनुकंपेची फोड सुंदर आहे, अनु + कंप, म्हणजे दुसऱ्याबरोबर थरथरणं; पण सरकारी कागदांनी तिला 'तत्त्वावर' इतकं घट्ट चिकटवलंय की आता सुटत नाही. कणव मला फार आवडते, पण ती 'येते', ठरवून करता येत नाही. थेरपीत तर हे सरावाने शिकायचं असतं.

मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या करुणाकेंद्री उपचारपद्धतीत करुणेची दोन अंगं आहेत: दुःखाची जाण, आणि ते हलकं करण्यासाठी हातपाय हलवणं. कीव पहिल्यावरच थांबते. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003मध्ये आत्मकरुणा मोजायची प्रश्नावली मांडली, तिच्यात 'हे कुणाच्याही वाट्याला येतं' ही जाणीवही धरली आहे. कीव नेमकं उलट म्हणते: माझ्याच नशिबी का?

प्रतिसाद २: शब्दाइतकाच सूर महत्त्वाचा. नैराश्यात असलेली माणसं स्वतःला समजावणारी वाक्यं बरोबर म्हणतात, पण मनातल्या मनात ती खेकसून म्हणतात, हे गिल्बर्ट यांच्या लक्षात आलं आणि तिथून त्यांची पद्धत उभी राहिली. 'एवढं काय त्यात' हे धीर देतानाही म्हणतात आणि झिडकारतानाही. मैत्रिणीच्या हातून चूक झाली तर आपण "अगं, होतं असं" म्हणतो. तो 'अगं' स्वतःसाठी कुणी वापरत नाही. म्हणून मी म्हणेन, 'स्वतःला सांभाळून घेणं'.

प्रश्नकर्ती: चांगलं आहे, पण 'चुका सांभाळून घेणं' म्हणजे पांघरूण घालणंही होतं ना?

प्रतिसाद २: हो, चुका सांभाळल्या तर. इथे कर्म 'स्वतःला' आहे, चूक उघडीच राहते.

प्रतिसाद १: शीर्षकाला मात्र नामच लागेल. तिथे आत्मकरुणा ठेवा, आणि पहिल्याच परिच्छेदात कीव आणि करुणा वेगळ्या करा. आत सगळीकडे क्रियापद वापरा.