मिलीबगला मराठीत 'पिठ्या ढेकूण' म्हणावं का?

रानवाट: घरबागेच्या पत्रकाचं मराठी करतोय. जास्वंदीच्या शेंड्यांवर, पानांच्या बेचक्यांत कापसाचे पुंजके दिसतात ती कीड. मी 'पिठ्या ढेकूण' लिहिलं, संपादकांनी खोडून 'पांढरा मावा' केलं. म्हणे ढेकूण वाचून लोक गाद्या उन्हात टाकतील. मावा चालेल का?

भिंग: नाही. १० पटीच्या भिंगाखाली धरा. माव्याच्या पाठीवर, पोटाच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या असतात. पिठ्याला त्या नसतात. अंग चपटं लंबगोल, कडेने मेणाचे तंतू आणि बहुतेक माद्यांच्या मागे अंड्यांची कापशी थैली. नाव चुकलं की उपायही चुकतो. माव्याला साधा फवारा पुरतो, पिठ्याच्या मेणावरून तो ओघळून जातो. आधी पाण्याची जोरदार धार, मग लिटरला ५ ग्रॅम साबण, तोही पानाखालून आणि बेचक्यांत. थैलीतली अंडी यातून वाचतात, म्हणून ७-८ दिवसांनी पुन्हा. मुंग्यांची ये-जा बंद केली नाही तर त्या पिलांना दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात.

खुरपं: शेतात नळ्या कोण मोजतो? पान चिकट झालं की मावा पडला. मावा म्हणजे खवाच, चिकट आणि रवाळ म्हणून.

भिंग: व्युत्पत्ती गोड आहे, पुरावा? चिकटा पांढरी माशी सोडते, आंब्यावरचे तुडतुडे सोडतात, पिठ्याही सोडतो. रस शोषणारं कुणीही. त्यावर काळी बुरशी चढते. चिकटा हे लक्षण झालं, किडीचं नाव नव्हे.

खुरपं: मग २००२ साली उसावर आला तो 'लोकरी मावा' कसा? पांढरा होता, मेणाने माखलेला होता, आणि सगळे मावाच म्हणत होते.

भिंग: तो मावाच आहे. पण त्याच्या नळ्या जवळजवळ नसल्यासारख्या असतात, हे मान्य.

खुरपं: म्हणजे तुमची नळ्यांची खूण पहिल्याच उसात गळाली.

शब्दकोडं: 'ढेकूण' खोडायचं कारणच चुकीचं आहे. गादीतला ढेकूण आणि जास्वंदीवरचा पिठ्या एकाच गणातले, अर्धपंखी. दोघांनाही सोंड, दोघेही शोषणारे. एक रक्त, एक रस. ज्याने कुणी हे नाव दिलं त्याने नेमकं दिलं. खरं खोडायला हवं ते 'पांढरी माशी'. ती माशी नाहीच. खऱ्या माशीला दोन पंख, हिला चार, आणि हीसुद्धा ढेकणाच्याच गोतातली. फळमाशी मात्र अस्सल माशी.

तत्सम: म्हणून तर पारिभाषिक शब्द हवेत. मिलीबगला 'चूर्णकीटक' म्हणावं.

खुरपं: चूर्णकीटक सकाळी घ्यायचा की रात्री, कोमट पाण्यासोबत?

भिंग: गंमत राहू दे, 'कीटक' शब्दानेच घोटाळा होतो. रानवाट, पत्रकात लाल कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानाखालचा बारीक माइट) असेल तर तिथे 'कीटक' लिहू नका. कोळी कीड आहे, कीटक नाही, पाय आठ. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच, तिथे भलेभले फसतात. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, सरकणारे ठिपके बोटाने घासा, लालसर रेघ उमटली की कोळी समजा. त्यावर इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं तर कोळी मरत नाही, त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो. तिथे गंधक किंवा कोळीनाशक हवं.

शब्दकोडं: आणि एकाच किडीची चार नावं? हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा हरभऱ्यात घाटेअळी, कपाशीत अमेरिकन बोंडअळी, तुरीत शेंगा पोखरणारी, टोमॅटोत फळ पोखरणारी. चारही वेगळ्या समजून चार औषधं आणली जातात. शिवाय ती अमेरिकन नाहीच, मूळची जुन्या जगातली, म्हणजे आशिया, आफ्रिका, युरोपातली. ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती २०१३ साली.

खुरपं: पिकावरून नाव ठेवण्यात खोट काय? घाटेअळी म्हटलं की घाट्याला, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगेला, भोक शोधायचं, हे लगेच कळतं. अळीचं डोकं घाट्यात आणि निम्मं अंग बाहेर लोंबतं, ते बांधावरून दिसतं. हेलिकोव्हर्पा म्हटल्यावर काय शोधू?

तत्सम: शोधायचं शेतात, लिहायचं कागदावर. दोन्हीकडे एकच शब्द हवा हा हट्ट का?

रानवाट: सगळं पटतंय, पण पत्रक उद्या छपाईला जातंय. ढेकूण की मावा?

शब्दकोडं: ढेकूण.

खुरपं: मिलीबगच लिहा. रोपवाटिकेतही तेच म्हणतात.

तत्सम: पत्रकात हुमणी आहे का? 'हुमणी अळी' लिहिलं असेल तर थांबा. पतंगाच्या पिलालाच अळी म्हणावं, हुमणी तर भुंगेऱ्याची.

भिंग: मग फळमाशीच्या पिलाला काय म्हणायचं?