ऑटिझममध्ये सिनॅप्स जास्त म्हणतात, मग कनेक्टिव्हिटी कमी कशी?

विश्रामबागची_मावशी:
भाचा साडेचार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. घरच्या ग्रुपवर एकाने टाकलं अशा मुलांच्या मेंदूत सिनॅप्स जास्त असतात, लगेच दुसऱ्याने टाकलं की मेंदूचे भाग एकमेकांना नीट जोडलेलेच नसतात. दोन्ही खरं कसं काय? आणि एमआरआय काढून कनेक्टिव्हिटी बघून घ्या म्हणतायत, काढावा का?

सातारी_न्यूरॉन:
ताई, दोन्हीकडे मोजलंय वेगळं. सिनॅप्स म्हणजे दोन पेशींमधला सांधा, मायक्रोस्कोपशिवाय दिसत नाही. फंक्शनल एमआरआयमधली कनेक्टिव्हिटी म्हणजे लांबलांबच्या भागांतला रक्तप्रवाह एका तालात वरखाली होतो का, एवढंच. जास्त सिनॅप्सचं म्हणाल तर २०१४ ला कोलंबिया विद्यापीठवाल्यांनी मृत्यूनंतर दान केलेले मेंदू तपासले, वाढत्या वयात बाकीच्यांत सिनॅप्सची जागा दाखवणारे काटे साधारण निम्म्याने घटलेले, ऑटिझमवाल्यांत मात्र फक्त १६ टक्क्यांनीच घटलेले.

पलूसचा_बागायतदार:
म्हणजे द्राक्षाच्या फेल फुटी (नको असलेल्या जादा फांद्या) काढल्या नाहीत की वेल हिरवागार दिसतो पण घडात दम नसतो, तसं का?

सातारी_न्यूरॉन:
@पलूस एका उंदरापुरतं अगदी तसंच 😄 मेंदूत छाटणी करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी असतात, त्यांचा एक रिसेप्टर (संदेश पकडणारं प्रोटीन) नसलेल्या उंदरांत सिनॅप्स कच्चे राहिले आणि लांबच्या भागांची कनेक्टिव्हिटी घटली, हे पण २०१४ चंच. पण २०२१ ला इटलीतल्या टीमने दुसऱ्याच जनुकात बिघाड असलेला उंदीर घेतला, त्यातही काटे जास्तच, तर कनेक्टिव्हिटी उलट वाढलेली! रॅपामायसिन नावाचं औषध दिल्यावर दोन्ही जाग्यावर आलं. त्यामुळे सिनॅप्स वाढले की कनेक्टिव्हिटी घटते असं सरळ गणित नाहीच, जनुक कुठलं, वय काय, मेंदूचा भाग कुठला, सगळं आलं त्यात.

मिरजेचा_तंत्रज्ञ:
वयाचं बरोबर. २०२४ ला येल विद्यापीठवाल्यांनी जिवंत माणसांत पेट (PET) स्कॅनने, म्हणजे किंचित किरणोत्सारी द्रव्य टोचून काढतात त्या स्कॅनने, मोजलं तर ऑटिझम असलेल्या प्रौढांत सिनॅप्स १७ टक्के कमीच निघाले, अर्थात माणसं मोजकीच होती. आणि स्कॅनचं म्हणाल तर पोरगं मशीनमध्ये जरा हललं की लांबची कनेक्टिव्हिटी खोटीच कमी दिसते, जवळची जास्त. चार वर्षांचं पोर न हलता पडून राहणार होय? भूल देऊन करतात, पण फक्त हे बघायला कशाला. फिट्स वगैरे असतील आणि डॉक्टर म्हणाले तर गोष्ट वेगळी. निदान वागणं बघूनच होतं.

विश्रामबागची_मावशी:
फिट्स नाहीत त्याला. मग राहू दे एमआरआय, बहिणीला सांगते ते पैसे स्पीच थेरपीलाच ठेव म्हणून.