ऑर्वेलने राजीनामा दिला, पण कशासाठी?

रानवाट:
ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल बीबीसीच्या हिंदुस्थान विभागात नोकरीला होता. युद्धाची साप्ताहिक वार्तापत्रं तो इंग्रजीत लिहायचा, मग ती मराठी, गुजराती, बंगाली, तमिळमध्ये वाचली जायची. मराठी वाचणाऱ्यांत शिरोळच्या वेणू चितळे होत्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्याने वरिष्ठांना लिहिलं की रेडिओवर माझ्या नावाने बोललो तर मी माझी लेखक म्हणून असलेली पतच विकतोय, आणि हिंदुस्थानात ती पत साम्राज्यविरोधी पुस्तकांमुळे आहे. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. तरी नोव्हेंबरपासून तो स्वतःच्या नावाने बोलू लागला. गांधी-नेहरू तेव्हा तुरुंगात होते. मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या बावीस वर्षांच्या उषा मेहतांना १२ नोव्हेंबरला अटक झाली. एकाच महिन्यातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला त्याची बाजू घेता येत नाही.

शब्दवेडा:
पूर्ण असहमत. त्याच पत्रात त्याने अट घातली होती की मला सरकारची री ओढायला लावू नका, नाहीतर लोक मला फितूर समजतील. मार्चमध्येच ब्रह्मदेशातलं रंगून जपानच्या हाती पडलं होतं. जपानी सैन्य चीनमधल्या नानकिंगमध्ये कसं वागलं हे ठाऊक असलेल्या माणसाने गप्प बसायचं होतं का? इंग्रजांचं राज्य वाईट होतंच, पण त्या वर्षी दाराशी आलेलं संकट त्याहून वाईट होतं. तो माइक त्याने सोडला असता तर तिथे एखादा खुशमस्कऱ्या बसला असता.

गिरणगावकर:
दोघेही माइकवर अडलात, पैशाकडे बघा. युद्धासाठी हिंदुस्थानातून माल आणि माणसं उचलली जात होती आणि ब्रिटनच्या वाट्याचा खर्च लंडनमध्ये आपल्या नावे पौंडांत जमा होत होता. त्या जमेवर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. बाजारात माल कमी, नोटा उदंड. बंगालमधल्या भूमिहीन मजुराच्या आवाक्याबाहेर तांदूळ गेला त्यामागे हेही एक मोठं कारण आहे. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे आपलं १३० कोटी पौंडांच्या आसपास येणं होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली. ज्याचं ऋण घेतलं त्यालाच उपाशी मारलं, हे त्या वार्तापत्रांतून कोण सांगणार होतं?

शब्दवेडा:
मान्य. पण हे धोरण ठरवणारे चर्चिलच्या मंत्रिमंडळात होते. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या लेखकाला त्याचा जाब कसा विचारता?

रानवाट:
जाब राजीनाम्यापुरता विचारते. २४ सप्टेंबर १९४३ ला त्याने लिहिलं की या कामातून काही निष्पन्न होत नाही, माझा वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातोय. धोरणाशी मतभेद नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं. त्यात बंगालचं नावही नाही. त्याच्या महिनाभर आधी, २२ ऑगस्टला, कलकत्त्याच्या स्टेट्समन या इंग्रजी दैनिकाने भुकेने मरणाऱ्यांचे फोटो छापले होते. मालकी इंग्रजांची, संपादक इयान स्टीफन्सही इंग्रज आणि त्याआधी सरकारच्याच प्रसिद्धी खात्याचा प्रमुख राहिलेला. तोही आतलाच होता आणि युद्धही तेच होतं. त्याने खुर्ची सोडली नाही, खुर्चीत बसूनच फोटो छापले. ऑर्वेल दोन वर्षं राहिला याचा मला तितका राग नाही, शब्दवेडा. जाताना त्याला मेलेली माणसं आठवली नाहीत, याचा आहे.