जुन्या अंकांच्या आणि मुलाखतींच्या जतनासाठी चुंबकीय टेप घ्यावी का?

ग्रंथसेवक_रत्नागिरी

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काम करतो. गेल्या सहा वर्षांत आम्ही स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंक स्कॅन केले, काही हस्तलिखितांची छायाचित्रे घेतली आणि पंचक्रोशीतील वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. हा सगळा संग्रह आज सुमारे ३० टेराबाइट झाला असून तो बाह्य हार्ड डिस्कवर ठेवलेला आहे. दीड वर्ष कपाटात पडून असलेली एक डिस्क गेल्या पावसाळ्यात संगणकाला जोडली, तेव्हा ती दोन-तीनदा टकटक वाजली आणि कायमची थांबली. त्यावरील बहुतेक मजकुराची दुसरी प्रत होती, परंतु अकरा मुलाखतींची नव्हती, आणि त्या अकरा जणांपैकी चौघे आता हयात नाहीत.

एका परिचितांनी चुंबकीय टेप सुचवली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र घरच्या जुन्या कॅसेटी येतात, ज्यांच्या कडांवर पांढरी बुरशी धरलेली आहे. टेप खरोखरच हार्ड डिस्कपेक्षा जास्त टिकते का, आणि आमच्यासारख्या संस्थेला ती झेपेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टेपघर

त्या चार मुलाखतींबद्दल वाचून फार वाईट वाटले. नवी मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये मी बरीच वर्षे टेपवरील बॅकअपचे काम पाहत आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

संगणकासाठी टेपचा वापर १९५१ सालच्या युनिव्हॅक या संगणकापासून होत आला आहे, पण आपण आज विकत घ्याल ती टेप कॅसेटपेक्षा फारच वेगळी असते. सध्या सर्वत्र चालणारा प्रकार म्हणजे एलटीओ (लिनिअर टेप-ओपन); त्यापुढचा आकडा त्याची पिढी दाखवतो. एलटीओ-८ च्या तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये अर्धा इंच रुंदीची सुमारे ९६० मीटर टेप असते आणि तिच्यावर १२ टेराबाइट माहिती मावते. खोक्यावर ३० टेराबाइट असेही छापलेले असते, पण तो आकडा माहिती दाबून बसवता येईल असे गृहीत धरून दिलेला असतो. छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रणे तितकी दाबली जात नाहीत, म्हणून हिशेब १२ चाच धरावा. टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, वाचणारे-लिहिणारे हेड किंचित सरकते, मग टेप उलटी येते, आणि अशा २०८ फेऱ्या झाल्यावर कार्ट्रिज भरते. म्हणजे एक कार्ट्रिज भरेपर्यंत ड्राइव्हच्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या यंत्राच्या, हेडसमोरून जवळजवळ २०० किलोमीटर टेप सरकलेली असते. वेगवान ड्राइव्हला त्यासाठी नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

आता टिकाऊपणाविषयी. हार्ड डिस्कमध्ये मोटर, हेड आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट हे सगळे माहितीसोबत एकाच डबीत बंद असते, त्यामुळे यातले एक जरी बिघडले तरी माहिती अडकून पडते. आपल्या डिस्कचे बहुधा तसेच झाले असावे. कार्ट्रिजमध्ये टेप, एक रीळ आणि एक छोटी चिप एवढेच असते. बिघडण्याजोगी यंत्रणा ड्राइव्हमध्ये असते आणि ड्राइव्ह बदलता येतो. अलीकडच्या टेपवरील बेरियम फेराइटचे कण मुळातच ऑक्साइड असल्यामुळे पूर्वीच्या धातूच्या कणांसारखे हवेने गंजत नाहीत. योग्य हवामानात ठेवल्यास उत्पादक ३० वर्षांचे आयुष्य सांगतात. वाचनातील चुकीचे प्रमाणही पाहावे: मोठ्या कामासाठीच्या हार्ड डिस्कला साधारण १०^१५ बिट्समागे एक चूक धरतात, तर एलटीओ-८ ला १०^१९ बिट्समागे एक.

याहून मोठा फायदा मला वाटतो तो असा, की कपाटात ठेवलेली टेप कोणत्याही संगणकाला जोडलेली नसते. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या साठवण प्रणालीतील एका दोषामुळे काही खात्यांतील पत्रे दिसेनाशी झाली. त्यांच्या प्रती अनेक डेटा सेंटरमध्ये होत्या, तरी दोष सॉफ्टवेअरचा असल्याने त्याही सापडल्या नाहीत. शेवटी पत्रे परत आली ती टेपवरून. खंडणीखोर व्हायरसच्या बाबतीतही हेच लागू पडते.

दप्तरखाना

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी ३० वर्षांचे आश्वासन टेपचे आहे, ड्राइव्हचे नाही, हे आपल्या कार्यकारिणीने नीट समजून घ्यावे. १९६६-६७ मध्ये नासाच्या लूनर ऑर्बिटर यानांनी पाठवलेली चंद्राची छायाचित्रे टेपवर होती. चाळीस वर्षांनंतर टेप शाबूत होत्या, परंतु त्या वाचणारी अवजड यंत्रे जगात जवळपास उरली नव्हती. नासातील एका अभिलेखपाल बाईंनी अशी काही यंत्रे स्वतःच्या गॅरेजमध्ये जपून ठेवली होती, म्हणून २००८ च्या सुमारास त्यांची दुरुस्ती करून ती छायाचित्रे पुन्हा मिळवता आली.

एलटीओच्या बाबतीतही हा धोका आहेच. पूर्वीचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचत; एलटीओ-८ आणि ९ फक्त एकच पिढी मागे जातात, आणि २०२५ मध्ये आलेला एलटीओ-१० चा ड्राइव्ह तर आधीची एकही कार्ट्रिज वाचत नाही. म्हणून दर सात-आठ वर्षांनी संग्रह नव्या टेपवर उतरवण्याचा ठराव आणि त्यासाठीची तरतूद आजच करून ठेवावी. तसे होणार नसेल, तर टेपवर पैसे घालू नयेत असेच मी सुचवेन.

ग्रंथसेवक_रत्नागिरी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ड्राइव्हची किंमत लाखांत आहे असे समजले. ती आम्हाला झेपणारी नाही. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही ओल येते. अशा स्थितीत काय करावे?

टेपघर

ड्राइव्ह विकत घेऊच नका. पुण्या-मुंबईत टेपवर माहिती लिहून देणारे व्यावसायिक आहेत. आपण फक्त काही हजारांना मिळणाऱ्या कार्ट्रिज विकत घ्याव्यात. ३० टेराबाइटसाठी प्रत्येक संचाला तीन, म्हणजे दोन संचांना सहा कार्ट्रिज लागतील. लेखन एलटीएफएस पद्धतीनेच करून मागा. ती खुली पद्धत असल्यामुळे पुढे दुसऱ्या कोणाच्याही ड्राइव्हवर टेप एखाद्या डिस्कसारखी उघडता येते आणि एकाच विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरवर अडून राहावे लागत नाही.

हजारो लहान फायली सुट्या देऊ नका. त्यांच्यामुळे माहिती संथपणे येते, आणि तशी आली की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो आणि पुन्हा पुढे नेतो. या सततच्या ये-जा करण्याने टेप झिजते. साप्ताहिकाच्या एकेका वर्षाचे एकेक मोठे बाड करून द्यावे. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, तो बदलला की बदलणारा पडताळणी-आकडा) आधी काढून ती यादी कागदावरही छापून ठेवावी, आणि काम ताब्यात घेण्यापूर्वी टेप लिहिली त्याहून वेगळ्या ड्राइव्हवर संपूर्ण वाचून ती यादी जुळवून पाहावी. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि टेपविषयीच्या ज्या तक्रारी मी ऐकल्या त्यांतील बऱ्याचशा इथूनच सुरू झालेल्या होत्या.

दप्तरखाना

ओलीबद्दल लिहितो. दीर्घकाळ ठेवण्यासाठी तापमान १६ ते २५ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता २० ते ५० टक्के असावी लागते. कोकणातला पावसाळा यात कुठेच बसत नाही, त्यामुळे एक संच घाटमाथ्यावरील एखाद्या वातानुकूलित जागी, शक्यतो एखाद्या विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, लेखी करार करून ठेवावा. वाचनालयातला संच हवाबंद डब्यात सिलिका जेलसह, कार्ट्रिज उभ्या राहतील अशा बेताने ठेवावा आणि डब्यात एक आर्द्रतामापक असू द्यावा. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून कोरडे करावे. श्रावणात हे दर आठवड्याला पाहावे लागेल. टेप एका जागेहून दुसरीकडे नेली, तर ड्राइव्हमध्ये घालण्यापूर्वी २४ तास तिला तिथल्या हवेत राहू द्यावे.

निधी टप्प्याटप्प्याने येणार असेल, तर पहिल्या कार्ट्रिजवर मुलाखती घ्या. साप्ताहिकांचे छापील अंक अजून आपल्या कपाटात आहेत, त्यामुळे ते पुन्हा स्कॅन करता येतील.