प्रतिसाद: रत्नागिरीहून येणारे बाबा, पक्षी आणि मासे

डिसेंबरात बाबा नागपूरला येतायत, त्यांना पक्षी पाहायचेत आणि रोज मासे लागतात, असं तुम्ही लिहिलंय. पक्ष्यांसाठी अंबाझरी, गोरेवाडा ही तळी पुरेशी. सकाळी तळ्याच्या पूर्वेकडून पाहा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं; उलट बाजूने चक्रवाक काय नि थापट्या काय, सगळ्या बदकांच्या नुसत्या काळ्या सावल्या दिसतात. दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, घ्या. दहापटीची वयस्कर हातात थरथरते. कानटोपी आणि घडीचं स्टूल विसरू नका.

माशांचं मात्र ऐका: इथे सुरमई-पापलेट बर्फातून प्रवास करून येतं, कोकणी जिभेला ते लगेच कळतं. त्यापेक्षा जिवंत मरळ, म्हणजे गोड्या पाण्यातला मासा, घ्या. रोहू-कटल्यात बारीक दुफाटी काटे असतात, मरळीत ते नाहीत. कातडी बुळबुळीत असते, जाड मीठ चोळून दोनदा धुवा. चिखलाचा वास राहिला तर किलोला दोन लिंबं, चमचाभर हळद, वीस मिनिटं. आंबटाने तो वास मोडतो. तुकडे आधी तळून मगच रश्श्यात सोडा. झणझणीत सावजी मसाला निम्माच टाका हो! आमसुलं बाबांनाच आणायला सांगा.