शब्दचर्चा : रेपसीडला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
इथे जर्मनीत स्वयंपाकाला सर्रास 'राप्स'चं तेल वापरतात, इंग्रजीत रेपसीड. कोशात पाहिलं तर मोहरी, सरसों, तोरी असं काय काय सापडतं. आईला 'मोहरीचं तेल' म्हटलं, तर ती म्हणाली, "अगं, भाजीला उग्र वास नाही का येत?" वास तर अजिबात नाही! मग नेमका शब्द कोणता? आणि रोजच्या फोडणीला ते बरं का?

प्रतिसाद
मोहरीच म्हणा की. कूळ एकच आहे.

प्रतिसाद
कूळ एक, पण मोहरी म्हणू नका. आपली मोहरी म्हणजे ब्रासिका जुन्सिया, तुमचं राप्स म्हणजे ब्रासिका नेपस. ('रेप' लॅटिन 'रापुम'वरून, म्हणजे सलगम, उगाच दचकू नये.) आणि आरोग्याचा प्रश्न विचारलाय, तर घोळ इथेच होतो. पारंपरिक मोहरीच्या तेलात इरुसिक आम्ल बरेचदा ४० टक्क्यांच्या वर असतं. उंदरांना ते भरपूर खाऊ घातल्यावर हृदयाच्या स्नायूंत चरबी साठलेली दिसली. माणसात तसं सिद्ध झालेलं नाही, बंगालात तर पिढ्यान्‌पिढ्या हेच तेल खातात. तरी अमेरिकेत मोहरीच्या तेलाच्या बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं छापलेलं असतं. कॅनडात संकर करून हे आम्ल जवळपास काढून टाकलेलं वाण १९७४ साली आलं. त्याच्या तेलाला पुढे 'कनोला' नाव पडलं, त्यातलं 'कॅन' म्हणजे कॅनडा. इरुसिक २ टक्क्यांच्या आत. दुकानातलं राप्स याच जातीचं. म्हणून मराठीतही सरळ 'कनोला' म्हणावं, आपल्याकडच्या बाटल्यांवरही तेच असतं.

गुण म्हणाल तर संपृक्त चरबी सुमारे ७ टक्के, शेंगदाणा तेलात याच्या दुपटीहून जास्त. ओमेगा-३ साधारण ९-१० टक्के, जे शेंगदाणा आणि सूर्यफुलात नावालाच. (मोहरीच्या तेलातही ते असतं, तेवढ्यापुरती ही भावंडंच.) पण फायदा होतो तो तूप-डालड्याच्या *जागी* वापरल्यावर. वरून आणखी ओतलं तर एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी, कुठल्याही तेलाइतक्याच.

प्रतिसाद
मोहरीच्या तेलाने दिल्लीत माणसं दगावली होती ना?

प्रतिसाद
१९९८ ची साथ. दोष भेसळीचा, पिवळ्या धोत्र्याच्या तेलाचा. ते इरुसिकच्या खात्यावर मांडू नका.

प्रश्नकर्ती
आईला कनोला सांगते. चकल्या तळल्या तर चालतील?

प्रतिसाद
रिफाइंड असेल तर खुशाल. लेबलवर 'काल्टगेप्रेस्ट', म्हणजे घाण्याचं, असं असेल तर ते तळणीला नको, लवकर धुरावतं. कोशिंबिरीवर घाला.