भोपळ्याच्या गोष्टीवाल्या काकूंबद्दल आणखी थोडं

भोपळ्यातल्या म्हातारीची एकच गोष्ट सांगत या काकूंनी आयुष्य कसं काढलं, असं इथे कुणीतरी विचारलंय. नारायण पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंना 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगताना मी लहानपणापासून पाहत आलोय, म्हणून लिहितो.

त्यांचा संग्रह एका ट्रंकेत मावतो. चित्रांची जुनी पुस्तकं, आणि गावोगावच्या आज्यांकडून ही गोष्ट टेप केलेल्या कॅसेटी. कुठे म्हातारी 'तूपरोटी खाईन' म्हणते, कुठे 'दूधभात'. वाघ-कोल्ह्यांचा क्रमही बदलतो. हीच गोष्ट बंगालीतही आहे हे मला त्यांच्याकडूनच कळलं. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या 1910च्या 'टुनटुनीर बोई' या पुस्तकात म्हातारी भोपळ्यात बसून 'लाऊ गुडगुड' (लाऊ म्हणजे भोपळा) करत घरी परतते. इराणातही घरंगळणाऱ्या भोपळ्यातली म्हातारी आहे. गोष्ट इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे आली, यावर काकू तासभर बोलू शकतात!

प्रयोगाला सामान म्हणजे एक नऊवारी आणि मिरजेहून आणलेला, तंबोऱ्याला वापरतात तसला वाळका भोपळा. त्यावर बोटं वाजवली की टुणूक असा आवाज येतो, पोरं आपोआप पुढे सरकतात. आवाज मात्र त्या कधीच मोठा करत नाहीत. वाघासाठी तर उलट खाली आणतात, जवळजवळ कुजबुजतात. मला तेव्हा खरी भीती वाटायची.

त्या कॅसेटींच्या फिती आता चिकटायला लागल्यात. पुण्यात त्या नीट डिजिटल करून देणारं कुणी माहीत असेल तर इथे जरूर सांगा, ट्रंक मी स्वतः घेऊन येईन.